रहमतच्या अशऱ्यात शेंडगावच्या बाबांची आठवण

रमजानच्या महिन्याचे तीन भाग मानले जातात. पहिले दहा दिवस रहमतचे, म्हणजे दयेचे. दुसरे दहा मगफिरतचे, म्हणजे क्षमेचे. शेवटचे दहा निजातचे, म्हणजे सुटकेचे. या दहा-दहा दिवसांना अशरा म्हणतात. यंदा दयेच्या पहिल्याच अशऱ्यात, सोमवारी २३ फेब्रुवारीला, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या एका माणसाच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होत आहेत. इस्लामी वर्ष चंद्रावर चालते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. त्यामुळे ही तारीख आणि हा अशरा यांची गाठ साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी एकदा पडते.

त्या माणसाचे पाळण्यातले नाव देबू. पूर्ण नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जात परिटाची, घर गरिबाचे. पुढे महाराष्ट्राने त्यांना गाडगेबाबा म्हटले. डोक्यावर किंवा हातात मातीच्या गाडग्याचे खापर, अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. हे रूप शाळेच्या पुस्तकातून प्रत्येक मुलाला पाठ आहे. खराट्यामुळे बाबा स्वच्छतेचे झाले. २०००-०१ साली शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले आणि अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. अंजनगाव सुर्जीच्या मुलामुलींच्या पदवीच्या कागदावर, मग ती मुले कोणत्याही धर्माची असोत, याच तालुक्यात जन्मलेल्या आणि कधी शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव छापलेले असते.

खराट्याच्या आड मात्र बाबांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी थोड्या झाकल्या गेल्या. एक म्हणजे आजारी माणसाविषयीची कळकळ, दुसरी मुक्या जनावरांवरची माया. बाबांनी आयुष्यभर जो संदेश सांगितला, त्यात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा यांच्याबरोबर अंध, अपंग आणि रोगी यांना औषधोपचार आणि पशुपक्ष्यांना अभय या दोन गोष्टी येतात. एकाच यादीत आजारी माणूस आहे आणि मुके जनावरही आहे. रहमतच्या अशऱ्यात त्या यादीकडे पुन्हा पाहिले, तर ती रोजेदाराला परकी वाटत नाही.

बापाचे आजारपण आणि मामाची गुरे

अंजनगाव सुर्जी म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला ३० डिसेंबर १८०३ चा शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह आठवतो. वऱ्हाडातल्या माणसाला इथले पानमळे, केळी आणि संत्री आठवतात. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, याच परिसरातल्या शेंडगावात झिंगराजी आणि सखुबाई यांच्या पोटी देबूचा जन्म झाला.

आजारपण म्हणजे काय, हे या मुलाला दवाखान्यात पाहावे लागले नाही. ते घरातच होते. बाप दारूच्या आहारी गेला. आधी घरातले किडूकमिडूक गेले, मग शरीर खंगत गेले. १८८४ साली झिंगराजी वारले तेव्हा देबू आठ वर्षांचा होता. व्यसनाचा आजार एका दिवसात माणूस नेत नाही. तो वर्षानुवर्षे घरात मुक्काम करतो, बायकोची झोप नेतो, लेकरांचे बालपण नेतो. पुढे कीर्तनात बाबा दारूवर तुटून पडत, त्यामागे हे पाहिलेले होते.

बाप गेल्यावर सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आली. दापुरे हे ते गाव, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले. मामा चंद्रभान यांच्या घरी देबूकडे गुरे आली. पहाटे उठून गोठा झाडायचा, शेण काढायचे, जनावरांना पाणी दाखवायचे, दिवसभर रानात चारायला न्यायचे. शाळेच्या पाटीवर अक्षर गिरवण्याचे वय गुरांच्या मागे गेले.

गुराखी पोराला एक गोष्ट लवकर कळते. जनावर बोलत नाही. दुखले तर ते खाणे सोडते, एक पाय उचलून धरते, डोळ्यातून पाणी काढते. मालकाला पाहण्याची नजर असेल तरच ते दुखणे कळते. बाबांनी पुढे माणसांकडेही याच नजरेने पाहिले. यात्रेच्या गर्दीत हात पसरून मागणाऱ्याला कोणीतरी देतेच. पण कोपऱ्यात पडलेला, मागण्याचेही त्राण नसलेला महारोगी किंवा आंधळा त्यांना आधी दिसे.

बारशाचे जेवण

१८९२ साली देबूचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी आलोका जन्मली. त्या काळच्या रीतीप्रमाणे बारशाला बकरे कापायचे आणि दारू वाटायची. देबूने दोन्ही नाकारले आणि गोडधोड जेवण घातले. भाऊबंद रुसले. पण रीत मोडण्यामागचा हिशेब सरळ होता. नवसाचे बकरे कर्ज काढून आणायचे, दारूही कर्ज काढून आणायची, आणि मग ते कर्ज फेडता फेडता शेत सावकाराच्या घशात घालायचे. मामाची जमीन सावकाराच्या व्यवहारात कशी गेली, हे देबूने डोळ्यांनी पाहिले होते. बकऱ्याचा जीव आणि गरिबाचे शेत एकाच सुरीने कापले जात होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी बाबांनी घर सोडले. वय होते २८. त्यानंतरची ५१ वर्षे ते चालत राहिले. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. देवाच्या नावाने जत्रेत होणाऱ्या पशुहत्येवर ते सतत बोलले. १९३१ साली वरवंडे येथे त्यांच्या प्रबोधनामुळे पशुहत्या बंद झाल्याची नोंद आहे. मूर्तिजापूरला, म्हणजे ज्या तालुक्यात त्यांनी गुरे राखली तिथेच, त्यांनी गोरक्षण उभे केले. सोबत धर्मशाळा आणि विद्यालयही उभे केले. गुरांना निवारा, वाटसरूला निवारा आणि मुलांना शाळा, अशी ती मांडणी होती.

अर्धी आठवण नको

रमजानच्या पानावर गाडगेबाबांविषयी लिहायचे आणि पशुहत्येचा विषय गुपचूप ओलांडून जायचे, हे बाबांवरही अन्याय करणारे आहे आणि वाचकावरही. बाबांचा पशुबळीला विरोध होता आणि तो ठाम होता. मुसलमानांच्या घरी ईदुल अज्हाला कुर्बानी होते. हा फरक आहे आणि तो फरक म्हणूनच मान्य करावा. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे सांगणारा माणूस दोन्हीकडच्या लोकांना फसवतो.

पण फरक मान्य केल्यावर पुढे वाट बंद होत नाही. कुरआनच्या सूरह हजमध्ये स्पष्ट सांगितले आहे की जनावराचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो माणसाचा तकवा, म्हणजे अल्लाहचे भान ठेवून वागण्याची वृत्ती. जबह करणाऱ्याने सुरी धारदार ठेवावी आणि जनावराला यातना होऊ देऊ नयेत, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची सक्त शिकवण आहे. कर्ज काढून, दिखाव्यासाठी, शेजाऱ्यापेक्षा मोठा बकरा आणायचा म्हणून केलेल्या कुर्बानीला या कसोटीवर किती किंमत उरते, हा प्रश्न मुसलमानाने स्वतःला विचारायचा आहे. बाबांनी जत्रेतल्या नवसकऱ्याला विचारलेला प्रश्न याच्या फार जवळचा होता.

आणि जनावर कापणे न कापणे हा वर्षातल्या थोड्या दिवसांचा विषय आहे. जनावराशी वागणे हा रोजचा विषय आहे. तिथे तर बाबांच्या कीर्तनात आणि हदीसमध्ये अंतर शोधावे लागते.

मुक्यांची फिर्याद

एक वाटसरू तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरला, पाणी पिऊन वर आला, तर एक कुत्रा तहानेपायी ओली माती चाटत होता. माणूस पुन्हा विहिरीत उतरला, आपल्या पायातल्या मोज्यात पाणी भरले, तो दातात धरून वर आला आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याची ही कृती स्वीकारली आणि त्याला माफ केले. ही हकीकत ऐकून सोबत्यांनी विचारले, जनावरांच्या बाबतीतही पुण्य मिळते का? पैगंबरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ज्या ज्या जिवात ओलावा आहे त्याच्या सेवेत पुण्य आहे. याच्या उलट हकीकत मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची. तिने मांजराला खायला दिले नाही आणि बाहेर सोडून स्वतःचे अन्न शोधूही दिले नाही. तेवढ्याने ती शिक्षेला पात्र ठरली.

मदिनेतल्या एका बागेतली गोष्ट तर गुरे राखणाऱ्याच्या काळजाला भिडणारी आहे. पैगंबर बागेत शिरले तेव्हा तिथला उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी जवळ जाऊन त्याच्या मानेवरून हात फिरवला, मालक कोण ते विचारले आणि त्या तरुणाला बजावले की हे जनावर तक्रार करते आहे, तू त्याला उपाशी ठेवतोस आणि कामाने थकवतोस. दुसऱ्या एका प्रसंगी पोट पाठीला लागलेला उंट पाहून त्यांनी या मुक्या जनावरांबाबत अल्लाहची भीती बाळगा, असे सांगितले. अरबी हदीसमधला तो शब्द आणि वऱ्हाडी शेतकऱ्याच्या तोंडचा ‘मुके जनावर’ हा शब्द, दोन्हींचा अर्थ एकच आहे.

कुरआनच्या सूरह अनआममध्ये तर जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांवर उडणारे पक्षी हेही माणसांसारखेच समुदाय आहेत, असे म्हटले आहे. पैगंबरांचे एक सोबती मांजराच्या पिल्लावर इतके जीव लावून होते की त्यांचे मूळ नाव मागे पडले आणि ‘अबू हुरैरा’, म्हणजे मांजराच्या पिल्लाचे बाबा, हेच नाव कायम झाले. आज हजारो हदीस त्यांच्या नावाने सांगितल्या जातात.

रोग्याच्या उशाशी

बाबांच्या यादीतला रोगी हा केवळ एक शब्द नव्हता. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला यात्रा भरते. तिथे बाबांनी घाट बांधला, सदावर्त सुरू केले, अंध-अपंग आणि महारोगी यांना जेवू घातले. त्या काळी कुष्ठरोग्याची सावलीही लोक टाळत. कुष्ठरोग हा दीर्घ आजारांतला सर्वांत एकाकी आजार. शरीर झडत जाई त्याच्या आधी नाती झडून जात. बाबा त्यांच्या पंगतीत वावरत.

धर्मशाळा बांधणे हे बाबांचे मोठे काम. पंढरपूरला १९१७ साली चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, पुढे नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. लोकांनी दिलेल्या पैशातला एक पैसाही त्यांनी स्वतःच्या झोळीत टाकला नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या नावाने मिशन स्थापन झाले. बाबांच्या आयुष्याच्या संध्याकाळी, १९५४ साली, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी राहिली. आधीच्या बहुतेक धर्मशाळा तीर्थाच्या ठिकाणी होत्या. ही रुग्णालयाच्या दाराशी होती. खेड्यातून मुंबईला येणाऱ्या माणसासाठी त्या काळी रुग्णालय हेही एक तीर्थच होते. नवस देवाला बोललेला असे आणि उत्तर डॉक्टरकडून ऐकायचे असे.

या धर्मशाळेचे मोल कळायचे तर लांबच्या आजाराचा खर्च कळला पाहिजे. औषधाचा खर्च बिलावर लिहिलेला असतो. तो नातेवाईक आधी मोजून येतात. न लिहिलेला खर्च वेगळा असतो. रोग्यासोबत आलेली बायको रात्री कुठे पाठ टेकणार, भाऊ आंघोळ कुठे करणार, तपासणीचा निकाल तीन दिवसांनी मिळणार असेल तर ते तीन दिवस कसे काढणार. अंजनगाव सुर्जीच्या माणसाने आधी बडनेरा किंवा अमरावती गाठायची, तिथून रात्रीची मुंबईची गाडी धरायची. उतरल्यावर त्या अफाट शहरात त्याला ओळखणारे कोणी नाही. अशा वेळी पैशांअभावी उपचार अर्ध्यावर सोडून लोक परत येतात. धर्मशाळेतली खाट आणि स्वस्तातले जेवण हा उपचाराचाच भाग ठरतो, तो असा.

दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. तिथे कोण्या गावचा, कोण्या जातीचा याला महत्त्व नसते. हातातली फाइल सगळ्यांची सारखीच असते. वऱ्हाडातले मुसलमान रोगीही मुंबईच्या या वाटेने जातात. ज्या माणसाच्या नावाने डोक्यावर छप्पर मिळाले, त्याचा जन्म आपल्याच तालुक्यातला, हे अंजनगावच्या घरांनी आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आजाऱ्याला भेटायला जाणे याला उर्दूत इयादत म्हणतात. एका मुसलमानावर दुसऱ्याचे जे हक्क सांगितले आहेत, त्यात इयादत येते. एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा, की कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारेल, मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? मी भुकेला होतो, तू मला का जेवू घातले नाहीस? मी तहानेला होतो, पाणी का दिले नाहीस? माणूस म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा पालनकर्ता, तुला आजार आणि भूक कशी? तेव्हा उत्तर मिळेल, माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच सापडलो असतो. बाबांना अक्षरओळख नव्हती आणि अरबीचा तर प्रश्नच नव्हता. पण देव देवळात शोधू नका, भुकेल्या आणि रोगी माणसात पाहा, हेच ते जन्मभर खेडुतांना सांगत होते.

दोन आजारी माणसे

बाबांच्या आजारपणाची एक आठवण महाराष्ट्रात फार प्रेमाने सांगितली जाते. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते. मुंबईत असताना गाडगेबाबांची प्रकृती बिघडल्याचे त्यांना कळले. कामाच्या धबडग्यातून वेळ काढून, दोन घोंगड्या घेऊन ते भेटायला गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या घेतल्या, असे सांगतात.

या भेटीत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. भेटायला आलेला माणूसही आजारीच होता. बाबासाहेबांना १९४८ पासून मधुमेहाने घेरले होते. पायांतल्या वेदनांनी रात्री झोप लागत नसे. उपचारासाठी ते मुंबईला गेले तेव्हाच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची भेट झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. राज्यघटनेच्या मसुद्यावर काम करणारा हात इन्शुलिनच्या आधाराने चालत होता. १९५४ मध्ये जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले, दृष्टीही अधू झाली.

या बाबासाहेबांनाही जनावरांचा लळा होता. दादरच्या राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब, रमाबाई, मुलगा यशवंत, पुतण्या मुकुंद, भावजय लक्ष्मीबाई असे सारे घर आहे, आणि त्या घरातलाच एक म्हणून त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. छायाचित्रातल्या रमाबाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी गेल्या. घरातले कुटुंबाचे छायाचित्र काढताना कुत्र्यालाही जागा देणारे घर आणि त्याच घरात वर्षानुवर्षे मुक्काम करून असलेले आजारपण, दोन्ही त्या एका चौकटीत आहेत. असे छायाचित्र अनेकांच्या भिंतीवर असते. त्यातले एक माणूस आता नसते आणि पायाशी बसलेल्या मुक्या जिवाचे नाव मात्र घरात अजून घेतले जाते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. ती बातमी ऐकून बाबा खचले, असे त्यांच्या जवळची माणसे सांगत. त्यांची स्वतःची प्रकृती ढासळलेलीच होती. अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वाटेतच वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी शेवटचा श्वास घेतला. लाखोंच्या डोक्यावर छप्पर उभे करणाऱ्या माणसाचा अंत रस्त्यावर, वाटेत झाला.

घरातला रोजा नसलेला माणूस

बाबांची जयंती रमजानमध्ये आली आहे, तर या महिन्यात एका माणसाकडे वळून पाहायला हवे. तो बहुतेक घरांत असतो. सहरीला सगळे उठतात, भांड्यांचा आवाज होतो, तो अंथरुणात जागाच असतो. इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर आणि केळी मांडली जातात, तो एका कडेला बसतो. त्याला मधुमेह आहे, किंवा मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस सुरू आहे, किंवा हृदयाचे दुखणे आहे. डॉक्टरांनी रोजा ठेवू नका म्हटले आहे. दुपारी तो गोळीसाठी पाणी पितो तेव्हा पाठ फिरवून पितो. आयुष्यभर रोजे ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाला ही लाज आजारापेक्षा जास्त पोखरते.

या लाजेला दीनमध्ये जागा नाही. सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केल्याचा आदेश आहे, तिथेच लगेच आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे. तात्पुरत्या आजारातून बरा होणारा माणूस नंतर रोजे पूर्ण करतो. ज्याचा आजार बरा होण्यातला नाही, त्याच्यासाठी फिदया आहे. प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवण. अल्लाहने दिलेली सवलत नाकारून जीव धोक्यात घालणे ही परहेजगारी नव्हे.

मधुमेह असूनही डॉक्टरांच्या परवानगीने रोजा ठेवणारेही अनेक आहेत. सध्या वऱ्हाडात रोजा साधारण तेरा तासांचा आहे. गोळ्यांच्या आणि इन्शुलिनच्या वेळा त्यांनी डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. रक्तातली साखर दिवसात तपासावी. बोटाला टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, बोलणे अडखळणे ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी मगरिबची वाट पाहणे म्हणजे इबादत नव्हे.

फिदयाकडे पाहिले तर त्यात बाबांच्या यादीतल्या दोन ओळी एकमेकींना भेटतात. आजारी माणसाचा न झालेला रोजा भुकेल्या माणसाचे ताट बनतो. अंथरुणाला खिळलेला म्हातारा स्वतःला निरुपयोगी समजत असतो, पण त्याच्या नावाने महिनाभर रोज एक माणूस जेवतो. घरच्यांनी हा फिदया लिफाफ्यात घालून परस्पर पाठवू नये. त्या आजारी माणसाच्या हातून द्यावा. देणाऱ्याचा हात थरथरत असला तरी चालेल.

आणि ज्यांचा रोजा आहे, त्यांच्यासाठी दुसरी ओळ. असरनंतर घसा कोरडा पडतो, जीभ टाळ्याला चिकटते, तेव्हा तहान म्हणजे काय हे पुस्तकातून नव्हे तर शरीरातून कळते. फेब्रुवारी संपत आला की वऱ्हाडात ऊन तापू लागते. रोजेदाराला माहीत असते की अमुक वाजता अजान होईल आणि पाणी मिळेल. दारातल्या कुत्र्याला, गच्चीवरच्या चिमण्यांना, बाजारात गाडीला जुंपलेल्या बैलाला अशी कोणतीच वेळ माहीत नसते. मशिदीच्या नळाखाली एक कुंडी, गच्चीवर मातीचे एक भांडे, बैलाच्या खांद्यावरचे जू काढून त्याला घटकाभर सावली. यातले काहीही करायला पैसे लागत नाहीत.

अंजनगाव सुर्जीहून अमरावतीला जाताना वलगाव लागते, पेढीचा पूल लागतो. तालुक्यातले रोगी मोठ्या दवाखान्यात याच पुलावरून नेले जातात. नेणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते की इथेच, अशाच एका गाडीत, शेंडगावच्या बाबांचा प्रवास थांबला. रमजानमध्ये त्या पुलावरून जाताना गाडीतल्या आजाऱ्यासाठी दुआ करावी. त्याच दुआत, रोग्याला आसरा आणि मुक्या जिवाला अभय मागत गावोगाव फिरलेल्या या माणसाचीही आठवण ठेवावी. घरी परतल्यावर कुंडीतले पाणी संपले आहे का, तेही पाहावे.